आपलं १८ नंबर आणि त्यांचं १८ गेज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यातल्या आपल्या रविवार पुरवणीत सुट्टीतल्या छंदांवर लेख आला होता. धातूच्या बारीक कड्या एकमेकींत ओवून त्यांचे दागिने, पट्टे, बटवे करायच्या कलेला, म्हणजे चेनमेलला, त्यात अर्धं पान दिलं होतं. मराठी वर्तमानपत्रात हा शब्द मी पहिल्यांदाच वाचला. गेली अकरा वर्षं मी रोज संध्याकाळी हेच काम करत बसते. ते पान कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं आहे.

पण त्या पानात एक चूक आहे आणि ती दुरुस्त करावी म्हणून हे पत्र लिहिते आहे. लेखात बायझंटाइन नावाच्या विणीच्या ब्रेसलेटची कृती दिली होती. साहित्यात लिहिलं होतं: १८ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) तांब्याची तार, कडीचा आतला व्यास ३.५ मिमी. लेख आल्यावर पंधरा दिवसांत आमच्या गल्लीतल्या दोन आणि शाळेमागची एक अशा तीन मुली हातात अर्धवट तुकडे घेऊन माझ्याकडे आल्या. तिघींचं काम एकाच जागी अडलं होतं. दोन कड्यांत दोन, त्यांत आणखी दोन, इथपर्यंत सगळं नीट. मग शेवटची जोडी उलटी दुमडायची, फाकवायची आणि तिच्यातून नवी जोडी घालायची, तिथं कडी आत जाईना. एकीनं पक्कड जोरानं दाबली तर कडी लांबुळकी झाली. शाळेमागची मुलगी म्हणाली, ‘आजी, माझ्या हातालाच हे येत नाही.’ तिनं मिटवलेल्या कड्यांवरून मी नख फिरवून पाहिलं. सांधा हाताला लागत नव्हता. अकरा वर्षांपूर्वी माझ्या हाताला हे येत नव्हतं. मुलीच्या हातात काहीच खोट नाही, खोट मापात आहे.

तारेचा नंबर सगळ्या जगात एकच नसतो. आपल्याकडे रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरायच्या, किंवा हार्डवेअरच्या दुकानात १८ नंबर मागितली की एसडब्ल्यूजी या जुन्या ब्रिटिश मापातली तार मिळते. तिची जाडी १.२२ मिमी. अमेरिकेत एडब्ल्यूजी नावाचं दुसरं माप चालतं, त्यातली १८ ची तार १.०२ मिमी भरते. दोन्हींत फरक ०.२ मिमीचा. साडीच्या फॉलला एवढ्यानं काही बिघडत नाही, कडीला मात्र बिघडतं. कारण कडीचं गणित असं असतं: आतला व्यास भागिले तारेची जाडी. जे उत्तर येईल त्यावर ती वीण होणार की नाही हे ठरतं. बायझंटाइन विणीत प्रत्येक कडीच्या पोटात दुसऱ्या चार कड्या मावायला लागतात, म्हणून तिथं साडेतीनच्या आसपास उत्तर हवं. लेखातलं माप अमेरिकन धरलं तर ३.५ भागिले १.०२ म्हणजे सुमारे ३.४, अगदी बरोबर. आपल्या दुकानातली १८ नंबर धरली तर २.९ सुद्धा भरत नाही. मग चौथी कडी जाणार कुठून? बाहेरच्या देशांतही कुणी एक माप वापरतं, कुणी दुसरं, त्यामुळे नुसत्या नंबरवर विसंबून चालत नाही. लेखकानं कृती कुठूनतरी घेतली आणि गेजचा आकडा जसाच्या तसा ठेवला, असं मला दिसतं. त्यांच्यावर माझा राग नाही. हीच चूक मी स्वतः केली होती आणि तिच्यात माझे तीन आठवडे गेले होते.

माझ्या यजमानांचं इचलकरंजीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. मागाच्या मोटारी जळून यायच्या, विहिरीवरच्या पंपाच्या यायच्या. लग्नानंतर दोन वर्षांनी मी दुकानात बसायला लागले आणि हँडलच्या मशीनवर वेढे मोजत कॉइल भरायला शिकले. २०१४ साली दुकान बंद केलं तेव्हा दोन वस्तू घरी आणल्या. एक म्हणजे तारेची जाडी मोजायची गोल लोखंडी चकती. तिच्या कडेला खाचा असतात, ज्या खाचेत तार नेमकी बसेल तो तिचा नंबर. दुसरं म्हणजे १८ नंबरच्या वाइंडिंग वायरचं अर्धं रीळ. मोडीत घालायला जिवावर आलं. त्याच दिवाळीत भाच्यानं मोबाइलवर तांब्याच्या कड्यांच्या ब्रेसलेटचा फोटो दाखवला आणि म्हणाला, ‘मामी, ही तर तुमचीच तार.’ फोटोखाली तेच लिहिलं होतं, १८ गेज आणि साडेतीन मिमी. मी हार्डवेअरमधून साडेतीन मिमीचं ड्रिल बिट आणलं, त्याच्या मागच्या गुळगुळीत दांडीवर तार गुंडाळली आणि कड्या पाडल्या. त्या विणीत जाईनात. डोळ्यांचा दोष वाटला, चष्म्याचा नंबर बदलून आणला. तरी जाईनात. शेवटी एका दुपारी यजमानांनी जुना मायक्रोमीटर काढला, तार मोजली, कागदावर भागाकार केला आणि म्हणाले, ‘ही वीण या तारेची नाहीच. जाड सुई घे.’ मी स्वेटरची ८ नंबरची सुई घेतली, ती ४ मिमीची असते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ती जोडी सुळकन आत गेली. यजमान आता नाहीत. तो भागाकाराचा कागद मी जपून ठेवला आहे.

म्हणून या वाटेनं येणाऱ्यांसाठी नीट लिहिते. घरात १८ नंबर तार असेल तर बायझंटाइन विणीला ८ नंबरची, म्हणजे ४ मिमीची सुई घ्या. वेटोळं सुईवरून काढलं की तार किंचित उलगडते आणि कडी सुईपेक्षा जरा मोठी होते. तांब्यात हे थोडं होतं, स्टीलमध्ये बरंच होतं. म्हणून आधी दहा कड्या करून पाहाव्यात, शंभर करू नयेत. आणि साडेतीन मिमीच्याच कड्या करायच्या असतील तर दुकानात १९ नंबर मागा. आपली १९ नंबर १.०१६ मिमीची असते, अमेरिकेतल्या १८ ला ती जवळजवळ तंतोतंत जुळते. तशीच आपली २१ म्हणजे त्यांची २० आणि आपली १६ म्हणजे त्यांची १४. माझ्या शिकवणीत मी गेज हा शब्द काढायलाच बंदी केली आहे. मिलिमीटर बोला म्हणते, कारण मिलिमीटर इचलकरंजीत आणि अमेरिकेत सारखाच.

आता लेखातल्या दुसऱ्या एका वाक्याविषयी. ‘हा परदेशी छंद आपल्याकडे नवा असून त्याचे किट मागवावे लागते’ असं त्यात म्हटलं होतं. ते वाचून मला माझी आई आठवली.

माझं माहेर रेंदाळचं. शेजारी हुपरी, चांदीची नगरी. हुपरीतल्या पैंजणांचं काम एका कारखान्याच्या छपराखाली होत नाही, ते हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोली अशा गावांतल्या घराघरांतून फिरतं. कुणी तार ओढतं, कुणी कड्या पाडतं, कुणी जोडतं, कुणी झाळ देतं, कुणी उजाळा. माझी आई जोडणीचं काम करायची. दुपारी जेवणं आवरली की सोप्यात स्वच्छ कापड अंथरायचं, त्यावर चांदीच्या कड्यांचा ढीग ओतायचा आणि दोन चिमटे घेऊन बसायचं. माल तोलून यायचा आणि तोलूनच जायचा. वजनात घट आली की ती मजुरीतून जायची. म्हणून आम्हा पोरांना त्या कापडाच्या आसपास पळायला मनाई होती आणि संध्याकाळी आई सोपा झाडायची तेव्हा तो केर उकिरड्यावर न टाकता आधी ताटात घेऊन बोटानं चाळायची. एक कडी सापडली तरी तिचा चेहरा उजळायचा. ती बोलत बोलत काम करायची, चिमट्यांकडे बघायचीसुद्धा नाही. आज मी कडी मिटवते तेव्हा माझं मनगट जसं वळतं तसंच तिचं वळायचं, हे मला थोरल्या बहिणीनं सांगितलं, मला स्वतःला कधी जाणवलं नव्हतं. त्या गावांतल्या किती बायांनी आयुष्यभर कड्या जोडल्या असतील. त्याला कुणी छंद म्हटलं नाही आणि कला तर नाहीच नाही. ते काम होतं. पण जे त्यांच्या बोटांत होतं तेच हे आहे. मग त्याला परदेशी कसं म्हणायचं?

ही कला आपण शोधली असा माझा दावा नाही. कड्यांच्या चिलखताचं श्रेय रोमन लेखक वारो आजच्या फ्रान्सकडच्या गॉल लोकांना देतो, आणि युरोपात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली अशी चिलखतं मातीत सापडली आहेत. पण ती वीण हिंडत हिंडत आपल्याकडेही आली आणि इथलीच झाली. फारसीत कड्यांच्या चिलखताला जिरह म्हणतात. आपण जिरेटोप म्हणतो त्यात तीच जिरह आहे, आणि आमच्या गल्लीतली पोरं इतकी वर्षं त्याचा संबंध जेवणातल्या जिऱ्याशी लावत आली होती. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी महाराज अफझलखानाला भेटायला गेले तेव्हा अंगरख्याच्या आत चिलखत होतं, हे आपल्याकडे दुसरीतलं पोरही सांगतं. पण ते चिलखत म्हणजे एकात चार गुंफलेल्या हजारो कड्या, प्रत्येक कडी कुणीतरी हातानं ओवलेली, हे कुणी सांगत नाही. चांगल्या चिलखताच्या कडीची दोन टोकं चपटी करून एकावर एक ठेवत आणि त्यांतून बारीक खिळा, म्हणजे रिवेट, ठोकत, म्हणजे भाल्याच्या टोकानं ती उघडू नये. हिंदुस्थानातल्या काही चिलखतांत कडीला मधोमध आडवी दांडी असते. काहींत लोखंडी कड्यांमध्ये पितळेच्या आणि तांब्याच्या कड्या घालून शंकरपाळ्याची नक्षी उठवलेली असते. लढाईच्या वस्तूत नक्षी! ज्यानं ते केलं त्याला मरणाच्या कामातही रंग टाकावासा वाटला, याचं मला फार नवल वाटतं.

मुंबईला मुलाकडे गेले होते तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनात मी बराच वेळ घालवला. सून म्हणाली, ‘आई, पुढं चला, चित्रं बघायचीत.’ मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं. काचेला नाक लावून मी कड्या मोजत होते.

किटचंही तसंच. मला आजवर लागलेल्या वस्तू अशा: तार, स्वेटरच्या सुया, तार कापायचं कटर आणि दात नसलेल्या चपट्या तोंडाच्या दोन पकडी. दात असतील तर तोंडाला चिकटपट्टी गुंडाळावी, कडीवर ओरखडे येत नाहीत. कटरनं कापलेल्या कडीच्या टोकाला एका बाजूनं चिमटा बसतो, सांधा थोडा दिसतो. सोनाराच्या बारीक करवतीनं कापली तर टोकं सपाट येतात आणि सांधा लपतो, पण करवत चालवायला हात बसावा लागतो आणि पाती तुटतात. कापताना चष्मा हवाच, कापलेला तुकडा कुठं उडेल सांगता येत नाही. रिवाइंडिंगच्या दुकानातून तार वजनावर मिळते, उरलेली असेल तर स्वस्तही मिळते. पुण्याला गेले तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत चक्कर असतेच, तिथं रंगीत अ‍ॅल्युमिनियमची तार मिळते, मुलांना ती फार आवडते.

वाइंडिंग वायरबद्दल एक सांगायलाच हवं. तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो. काही जण तो जाळून काढतात. कृपा करून कुणी तसं करू नये. जळलेल्या मोटारीच्या वार्निशच्या धुरात मी तीस वर्षं बसले आहे, तो छातीत काय करतो हे मला माहीत आहे. थर राहू द्या, तांबं उलट जास्त दिवस लाल राहतं. ही तार मऊही फार असते, तिच्या कड्या हातात वाकतात. तिचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं पकडीत धरून मागं झुकून ओढायचं. हाताला तार किंचित लांबल्यासारखी जाणवते तिथं थांबायचं. त्यानं ती कडक होते. उघड्या तांब्यानं घामाच्या मनगटावर हिरवा डाग पडतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, धुतला की जातो. काळवंडलेल्या कड्या चिंच आणि मिठानं देवाच्या तांब्यासारख्या लख्ख होतात. ज्यांच्या कातडीला खाज येते त्यांनी स्वस्तातल्या मुलामा दिलेल्या तयार कड्या टाळाव्यात, मुलाम्याखाली बहुधा निकेल असतं.

खरी विद्या मात्र साहित्यात नाही, कडी उघडायच्या आणि मिटवायच्या पद्धतीत आहे. लेखात तिच्यावर एकच ओळ होती. नवखा माणूस कडीची दोन टोकं डावी-उजवीकडे फाकवतो. तिथंच ती कडी मेली, तिचा गोल पुन्हा कधी गोल होत नाही. टोकं एकमेकांपासून फाकवायची नाहीत. एक पकड आपल्याकडे आणि दुसरी पलीकडे, दार उघडावं तसं. मिटवताना टोकं एकमेकांसमोर आणून तिथंच थांबायचं नाही, किंचित पुढं न्यायची, मागं आणायची, पुन्हा पुढं, आणि प्रत्येक वेळी आतल्या बाजूला अगदी हलका दाब ठेवायचा. टोकं एकमेकांवर घासली की बोटांना बारीक खर्र जाणवतं आणि मग कट् असा आवाज होतो. तो आवाज ऐकू आला की कडी मिटली. टीव्ही बंद करून बसलं तरच तो ऐकू येतो, म्हणून माझ्या घरी संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद असतो.

पूर्ण झालेल्या कामाची मी पदरावर परीक्षा घेते. जुन्या सुती पातळाच्या पदरावरून साखळी हलक्या हातानं ओढायची. एकही धागा अडकला तर त्या जागची कडी उघडी आहे. पहिल्या वर्षी माझ्या एकेका ब्रेसलेटला नऊ-दहा धागे अडकायचे. आता महिन्यातून एखादा अडकतो, आणि अडकला की ती कडी मी दुरुस्त करत नाही, काढून टाकते आणि नवी घालते.

किमतीबद्दलही थोडं लिहिते, कारण लेखात ‘घरबसल्या उत्पन्न’ असा शब्द आहे आणि तो वाचून मुली आशेनं येतात. १८ नंबर तारेच्या सात इंची बायझंटाइन ब्रेसलेटला साधारण दीडशे कड्या लागतात. तांब्यात त्याचं वजन २७ ग्रॅमच्या आसपास येतं, अ‍ॅल्युमिनियममध्ये ८ ग्रॅम. २७ ग्रॅम तांबं म्हणजे टपरीवरचे दोन-तीन चहा. तार गुंडाळण्यापासून पदरावर ओढण्यापर्यंत माझे अडीच तास जातात आणि माझा हात बसलेला आहे. नवख्या मुलीच्या दोन संध्याकाळी जातात. पण गिऱ्हाईक हातात घेतं, तळव्यावर तोलून बघतं आणि विचारतं, ‘तांबं किती आहे?’ जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका प्रदर्शनात मला हस्तकलेच्या रांगेत जागा नाकारली. संयोजकांनी सांगितलं, हे मशीनवर केलेलं दिसतं, इमिटेशन ज्वेलरीच्या बाजूला बसा. मी पकड काढून त्यांच्यासमोर चार कड्या जोडून दाखवल्या. ते म्हणाले, ‘बरोबर आहे हो बाई, पण लोकांना तसंच वाटणार ना.’ मी बसले नाही, पिशवी उचलून एसटीनं परत आले. इतकं सारखं, इतकं नीट झालं की ते हाताचं वाटतच नाही, आणि वेडंवाकडं राहिलं तर कुणी घेत नाही. दोन्हीकडून मार हाताच्या माणसालाच. माझ्या आईच्या चांदीचंही तेच होतं. दागिन्याला तोळ्याचा भाव यायचा, जोडणीला मजुरी यायची आणि त्या मजुरीतून घट वजा व्हायची. म्हणून मी मुलींना सांगते, किंमत वजनावर सांगू नका, कड्यांवर सांगा. दीडशे कड्या, दर कडीला इतके. गिऱ्हाईक आधी हसतं, मग कड्या मोजायला लागतं. मोजायला लागलं की बहुतेक वेळा घेतं. मोजता मोजता त्याला काम दिसतं.

इथल्या एका शाळेत गेली चार वर्षं मी आठवीच्या मुलामुलींना कार्यानुभवाच्या तासाला हे शिकवते. पहिल्या तासाला तार वाटत नाही, भागाकार देते. सुई ५ मिमीची, तार १.२२ मिमीची, उत्तर सांगा. ४.१ आलं की चार-एकची वीण, म्हणजे एका कडीत चार कड्या, ती जी चिलखतात असते, ती सैलसर आणि कापडासारखी पडते. त्याच तारेला सुई ४ मिमीची घेतली तर तीच वीण ताठ होते. गणितात नापास होणारा एक मुलगा हे भागाकार तोंडी करायला लागला, त्याचे सर मला येऊन सांगून गेले. बायझंटाइन विणीला मुलांनी ‘उलटी वेणी’ असं नाव दिलं आहे, कारण प्रत्येक वेळी मागं दुमडून पुढं जायचं. मला ते मूळ नावापेक्षा आवडतं आणि आता मीही तेच म्हणते. हुपरीकडच्या बायांकडे जोडणीचे आपले शब्द आहेत, आईच्या तोंडचे त्यातले अर्धे मी विसरले. आपण पुरवणीत पुन्हा या कलेवर काही छापणार असाल तर कुणाला तरी त्या सोप्यांत पाठवा. त्या बायांनी कोणत्या गुंफणीला काय म्हटलं ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. माझ्या आईच्या वयाच्या आता थोड्याच उरल्या आहेत.

तोवर एवढं तरी करावं ही विनंती. पुढच्या रविवारी एक लहान चौकट द्यावी: ‘१८ गेज ऐवजी १.०२ मिमी, म्हणजे आपल्या दुकानातली १९ नंबर तार असे वाचावे. १८ नंबर तार घेतली असल्यास ४ मिमीची सुई वापरावी.’ आपला पेपर किती घरांत जातो हे मला माहीत नाही, पण त्या तीन मुलींसारख्या आणखीही कुणीतरी तिसऱ्या जोडीला अडून बसल्या असतील आणि आपल्याच हाताला दोष देत असतील.

शाळेमागच्या मुलीनं ८ नंबरच्या सुईवर नव्या कड्या केल्या आहेत. काल संध्याकाळपर्यंत तिची उलटी वेणी चार बोटं झाली होती. पदराला दोन धागे अडकले.

आपली नम्र,
एक वाचक, इचलकरंजी